चौथी म्हैस कोणाची?

आपत्तीत दगावलेल्या दुभत्या गायी-म्हशीस 37,500 रुपये, शेळीस 4,000, कोंबडीस 100. केंद्र सरकारने 2022 ते 2026 या काळाकरिता ठरविलेले साहाय्याचे हे दर. पूर्वीच्या 30,000 हून ते वाढले, हे आम्हांस मान्य. परंतु चांगली म्हैस लाखाच्या घरात जाते, आणि साहाय्य मोठ्या दुभत्या जनावरांपैकी तिघांपुरतेच. चौथी जणू दावणीस नव्हतीच! शेजारच्या महाराष्ट्राने 2022 साली लंपीच्या साथीत गायीमागे 30,000 रुपये दिले. तेथे निदान कलेवर दाखविता येत होते. पुराने समुद्रास नेलेल्या म्हशीचा पंचनामा कशावरून करावयाचा? दूध सोसायटीच्या वहीत एकाएकी घटलेला भरणा आणि कानातील 12 अंकी बिल्ल्याची नोंद, एवढा पुरावा सरकारने पुरेसा मानावा.