गच्चीवरची मेथी आणि मेसचं बिल

जुलै लागला की आपल्या मेसमधून मेथी-पालक गायब होतात आणि बटाटा आठवड्याचे सातही दिवस ड्यूटी करतो! पावसात पालेभाजी सडते, भाव चढतो, मेसचे काका तरी काय करणार? आणि वर गच्चीवर काय आहे? पाण्याच्या टाक्या, सोलरचे पॅनल आणि मोडक्या खाटा. माझं स्पष्ट मत आहे की तिथे पालेभाजी लावावी. आणि नफ्यासाठीच लावावी, निसर्गप्रेम वगैरे नंतर बघू.

मात्र नफा म्हणजे बाजारात विकून मिळालेला पैसा असेल, तर विसरा. शेतात पालक हेक्टरी साधारण १० ते १५ टन निघतो. गच्चीवर १०० चौरस मीटरचे वाफे केले (मी कॉन्व्हेंटवाली, 'वाफा' म्हटलं की मला आधी थर्मोडायनॅमिक्सच आठवतं!) आणि शेताइतकंच पीक आलं, तर १०० ते १५० किलो. किलोला ४० रुपये धरा. चार ते सहा हजार झाले, तेही शेवटची कापणी होईपर्यंत दोन महिने घालवून. एक माळी ठेवला की हिशोब संपला. माती विकत आणायची, तर १५ सेंटिमीटरच्या थराला १५ हजार लिटर लागते. नर्सरीतून पिशव्या आणून बघा एकदा! आणि प्रोजेक्ट कॉम्पिटिशनमध्ये दर वर्षी कोणीतरी मांडतं तो हॉटेलांना लेट्यूस विकायचा हायड्रोपोनिक्स प्लॅन? पंप, वीज, डिलिव्हरी, सगळा खर्च रोख. शिवाय आपल्या मेसमध्ये लेट्यूस खातं कोण?

तीन गोष्टी फुकट असतील तरच गच्ची परवडते: जागा, माती आणि मेहनत. चौथी गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक खालच्याच मजल्यावर हवं. हे माझ्या डोक्यातलं खूळ नाही. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ साली बाग सुरू केली, ती स्वयंपाकघरातल्याच ओल्या कचऱ्यावर. श्रीपाद दाभोळकरांच्या नैसर्गिक शेतीच्या प्रयोगांचा त्यांना आधार होता. पालापाचोळा आणि भाजीची देठं कुजवून हलकी माती तयार करायची, असं ते तंत्र. आपल्या कॅम्पसवर पाचोळ्याचे ढीग लागतात आणि मेसची सालं रोज गाडीत जातात. म्हणजे माती आहे, फक्त कुजायची बाकी आहे.

हलकी माती का, ते सिव्हिलवाल्यांना विचारा. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरलेला असतो. शेतातली ओली माती १५ सेंटिमीटर पसरली तर तीच २७० ते ३०० किलो भरते! म्हणून कुजवलेला पाला आणि कोकोपीट, तेही १० सेंटिमीटरच. मेथी-कोथिंबिरीला तेवढं पुरतं. वाफे शक्यतो बीमच्या रेषेवर घ्यावेत, मध्ये चालायला वाट ठेवावी, आणि कोब्याचं वॉटरप्रूफिंग आधी तपासून घ्यावं. टॉप फ्लोअरच्या खोल्या गळल्या तर आपली योजना त्याच दिवशी बंद!

वेळापत्रकाचं मात्र झकास जमतं. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबीर दीड महिन्यात. म्हणजे एका सेमिस्टरमध्ये दोन-तीन पिकं. वर एक प्लास्टिकचं छप्पर टाकलं की भाव चढलेले असताना आपली भाजी तयार. मे महिन्यात १०० चौरस मीटरला रोज ४००-५०० लिटर पाणी लागेल, पण तेव्हा हॉस्टेलच रिकामं, वाफेही रिकामे ठेवू.

आता खरा मुद्दा. वाचलेले पैसे कोणाचे? मेस डिव्हायडिंगवर असेल तर प्रश्न नाही, बिल आपोआप कमी येतं. पण मेस कॉन्ट्रॅक्टरकडे असेल तर आपण घाम गाळायचा आणि पैसे वाचणार त्यांचे! म्हणून पहिल्या दिवसापासून वजनकाटा आणि वही पाहिजे. गच्चीवरून उतरलेली प्रत्येक जुडी मोजायची आणि त्या दिवसाच्या मंडईच्या भावाने बिलातून वजा करायची. ही अट मेस कमिटीने लेखी घेतल्याशिवाय कोणी कुदळ उचलू नये, असं मी तर म्हणेन.

पाणी घालायला येणार कोण, हा प्रश्न स्टाफमधले सर नक्की विचारतील. नुसत्या उत्साहावर हे दोन आठवडे चालेल, त्यापुढे नाही. एनएसएसला वर्षाला १२० तास भरावेच लागतात. त्यातले काही गच्चीवर मोजले तर सकाळी सातलासुद्धा माणसं मिळतील.

सुरुवात मेसच्या किचनच्या छोट्या गच्चीवर, फक्त १० चौरस मीटरवर करावी. रेक्टर मॅडमनी तेवढी किल्ली द्यावी. बियाणंही विकत नको. मेसच्या डब्यातले मेथीदाणे उगवतात, धणेही. धणे फक्त आधी हलके रगडून दोन फाका करून पेरायचे.