दक्षिणेकडचा दिवा

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आमच्या घरी कणकेचा एक दिवा लावीत. त्याची वात दक्षिणेकडे. "आजी, हा कोणाचा गं?" असे आम्ही पोरे विचारीत असू. आणि करंज्यांच्या परातीवरून मान वर न करता आजी सांगे, "यमाचा." तिला त्यात अशुभ काही वाटत नसे. तेव्हा दिवाळी अंकात मी मरणाचा विषय काढला म्हणून वाचकांनी हातातली चकली खाली ठेवू नये. ऐन सणात ज्या घरी यमासाठी दिवा लागतो, त्या घरात हा विषय वर्ज्य झाला तो अलीकडे, आपण शहाणे झाल्यापासून!

आपण उपनगरांतली माणसे मोठी चौकस. अंधेरी-बोरिवलीकडचे असोत की घाटकोपर-मुलुंडकडचे, पोराला शाळेत घालताना चार शाळा पालथ्या घालतो. जागा घेताना नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतो. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालतो. पण ज्याचे दुखणे आता बरे होणार नाही असे आपले माणूस कोणाच्या हाती सोपवावे, हे मात्र आपण आधी विचारीत नाही. ते ठरते मध्यरात्री, रुग्णवाहिकेच्या दारात, घाबरलेल्या डोक्याने. आणि त्या घाबरण्याला आपण प्रेम असे नाव देतो.

हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवावे म्हणून लिहीत नाही. माझे थोरले मेहुणे मुलुंडला राहत. कर्करोग यकृतापर्यंत पोचल्यावर रुग्णालयाने सांगितले, "आता घरी न्या." घरी नेल्यावर काय करायचे, कळ आली तर कोणते औषध द्यायचे, कोणाला बोलवायचे, याची एक चिठ्ठीही दिली नाही. शेजारच्या एका बाईंनी वांद्र्याच्या हॉस्पिसचे नाव काढले, तर मीच फणकारलो, "आम्ही काय त्यांना टाकून द्यायचं?" ताई गप्प बसली. एका ब्यूरोतून मदतनीस आली. मुलगी मायाळू होती, पण असल्या दुखण्याचे तिला कोणी काही शिकवलेच नव्हते. एका रात्री दोन वाजता कळ आवरेना. ब्यूरोचा फोन कोणी उचलीना. आम्ही त्यांना उचलून अतिदक्षता विभागात नेले. तेथे ते नऊ दिवस होते. ताईला सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे आत सोडीत; बाकी वेळ ती बाहेरच्या बाकावर. ते गेल्यावर ती मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणे, "अरे, ते काहीतरी सांगत होते रे. नळीमुळे कळलं नाही."

आता सांगा, टाकून कोणी दिले?

ज्या जागेवर मी तोंडसुख घेतले, ती पुढे मी जाऊन पाहिली. माउंट मेरीच्या टेकडीजवळचे 'शांती अवेदना सदन'. डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली ते उभे केले. हे आपल्या देशातले पहिले हॉस्पिस. कर्करोग हाताबाहेर गेलेल्यांना तेथे ठेवून घेतात आणि पैसे घेत नाहीत. 'अवेदना' या शब्दातच सारे आले. आयुष्य ओढूनताणून लांबवायचे नाही, संपवायचेही नाही. ते आहे तोवर दुखू द्यायचे नाही. ही दृष्टी मूळची सिसिली सॉन्डर्स या बाईंची. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि मग डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ साली लंडनला सेंट क्रिस्तोफर हॉस्पिस काढले. माणसाचे दुखणे नुसते हाडामांसाचे नसते, मनाचे, घरच्यांचे आणि श्रद्धेचेही असते, हे त्यांनी वैद्यकाला बजावले.

यावर आक्षेप ठरलेले आहेत. पहिला म्हणजे, "आपल्याकडे सेवा घरातच होते." होते ना! पण करतो कोण? दीड खोलीच्या घरात, सकाळची लोकल गाठून येणारी सून किंवा सत्तरीतली बायको. "आम्ही घरीच केलं" असे बाराव्याला अभिमानाने सांगणाऱ्या पुरुषांपैकी कितीजणांनी बेडपॅन धुतले, हे त्यांनी मनातल्या मनात मोजावे. घरासारखे ठिकाण नाही हे मलाही मान्य आहे. म्हणूनच हॉस्पिस म्हणजे केवळ इमारत नव्हे. डॉक्टर आणि परिचारिका घरी येतात, जखम बांधायला आणि कूस बदलायला घरच्यांना शिकवतात, तेही हॉस्पिसचेच काम.

दुसरा आक्षेप मॉर्फिनचा. "एकदा सुरू केलं की संपलंच!" हा समज आपल्याकडे हाडीमासी खिळला आहे. आपल्या देशात सरकारी परवान्याने अफू पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने रुग्णालये अशी धास्तावली, की आपल्याच रुग्णांना ते औषध मिळेनासे झाले. २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन वाट सोपी झाली. धास्ती मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच आहे. जाणत्या डॉक्टरने बेताने वाढवीत नेलेली मॉर्फिनची गोळी माणसाला मारीत नाही. ती त्याला झोप देते, चार घास जाऊ देते, नातवाशी बोलू देते. तिने बद्धकोष्ठ होते, त्यावर सोबतच औषध द्यावे लागते. मूत्रपिंडे थकलेली असतील तर जपावे लागते. म्हणून तर जाणता माणूस हवा.

तिसरा आक्षेप, "म्हणजे आशाच सोडायची?" बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी २०१० साली फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांना पहिल्यापासून ही वेदनाशमनाची सेवा मिळाली, ते अधिक सुखात राहिले. एवढेच नव्हे, तर इतरांपेक्षा अडीच महिन्यांहून अधिक जगल्याचे दिसले. तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. उपचार चालू असतानाच चौकशी करा.

चौकशी म्हणजे पाटी वाचणे नव्हे. हल्ली पाटी कोणीही लावतो. विचारा, रात्री दोनला फोन कोण उचलणार? मॉर्फिन तुमच्याकडे मिळते काय? डॉक्टर किती दिवसांनी येणार? येणारी बाई शिकलेली परिचारिका की नुसती मदतनीस? कर्करोग नसून हृदय किंवा मूत्रपिंड निकामी झाले असेल, तर घेता काय? घरातल्यांना रात्री रुग्णाजवळ बसू देता काय? मुलुंडहून वांद्र्याला रोज दोन गाड्या बदलून जाणे ताईला जमेल काय, हेही आपले आपण विचारा. आणि माणूस घरी गेला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण लिहून देणार? तो नसला की ऐन दुःखात डॉक्टर शोधीत हिंडावे लागते. या प्रश्नांना जो कपाळाला आठ्या घालील, त्याच्या दारातून परत फिरा.

आणि सर्वांत आधी ज्याचे मरण आहे त्याला विचारा. आपण त्याच्यापासून दुखणे लपवतो, तो आपल्याला कळले आहे हे आपल्यापासून लपवतो आणि दोघेही एकाच खोलीत एकटे पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, आपली शेवटची इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२३ साली त्याची रीतही सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढ्याने भागते. आपण घराचे मृत्युपत्र करतो. देहाचे करायला मात्र घाबरतो!

भाऊबीजेला सारी भावंडे एकत्र जमतात. ओवाळून झाले, फराळ झाला, पोरे फटाके घेऊन खाली गेली, की अर्धा तास हे बोलून घ्या. म्हाताऱ्या माणसांना वाईट वाटेल ही भीती नको. त्यांनी यमासाठी दिवे लावलेले आहेत. गेल्या भाऊबीजेला मी ताईकडे विषय काढला, तेव्हा ती हसून म्हणाली, "माझं मी लिहून ठेवलंय. नळी नको. आणि तू दहा मिनिटं नव्हे, रात्रभर बसायचंस."

मी बसणार आहे.