आम्ही फक्त उत्तर देतोय

युद्ध कुणी सुरू केलं, हे नेत्यांच्या भाषणांवरून ठरवायला बसलात तर पंचाईत होईल. भाषणांत ते कुणीच सुरू केलेलं नसतं. १ सप्टेंबर १९३९ रोजी पोलंडमध्ये फौजा घुसवून हिटलर संसदेत उभा राहिला आणि पहाटे पावणेसहापासून आपण उलट गोळीबार करतो आहोत, असं त्याने सांगितलं. सगळी मदार त्या ‘उलट’वर. आदल्या रात्री ग्लायवित्झच्या रेडिओ केंद्रावर ‘पोलिश’ हल्ला झाला होता, तोही त्याच्याच माणसांनी केलेला. पण हिटलरचं नाव घेतलं की आपण निर्धास्त होतो. तो काय, हिटलरच होता! म्हणून मला जास्त कामाचं वाटतं ते लिंडन जॉन्सन यांचं उदाहरण. महिन्याभरापूर्वीच नागरी हक्कांच्या ऐतिहासिक कायद्यावर सही केलेला हा अमेरिकेचा अध्यक्ष.

४ ऑगस्ट १९६४. रात्री साडेअकरा वाजून गेल्यावर जॉन्सन टीव्हीवर आले. टोंकिनच्या आखातात, खुल्या समुद्रात, उत्तर व्हिएतनामने आपल्या जहाजांवर पुन्हा हल्ला केला आहे. त्यामुळे सैन्याला प्रत्युत्तराचा आदेश देणं भाग पडलं, असं त्यांनी सांगितलं. मूळ इंग्रजी वाक्याची रचना बघण्यासारखी आहे. कर्ता म्हणजे शत्रूची कृत्यं. अध्यक्ष बिचारे कर्म. त्यांनी काही केलेलंच नाही, त्यांच्याकडून करवून घेतलं गेलं. शिवाय ते जनतेची परवानगी मागत नव्हते, कर्तव्य म्हणून माहिती देत होते. मी बोलतो आहे तेव्हा उत्तर दिलं जातंच आहे, हेही त्यात होतं. म्हणजे ऐकणाऱ्याने विचार करायचा अवधीही संपलेला.

प्रत्यक्षात काय घडलं होतं? २ ऑगस्टला मॅडॉक्स या विनाशिकेशी टॉर्पेडो बोटींची चकमक झाली, ती खरी. पण ४ तारखेचा ‘दुसरा हल्ला’ झालाच नव्हता. त्याच दुपारी तिथले कमांडर हेरिक यांनी कळवलं होतं की रडारवर विचित्र हवामानाचा परिणाम असावा, सोनारवरचा माणूस अतिउत्साही असावा, डोळ्यांनी कुणी काही पाहिलेलं नाही; पुढचं पाऊल टाकण्याआधी नीट छाननी करा. छाननीला वेळ लागतो. भाषणाला तो नव्हता.

आणि जे भाषणात आलंच नाही, ते आणखी बोलकं आहे. जुलैअखेरीस अमेरिकेच्या योजनेनुसार दक्षिण व्हिएतनामी बोटींनी उत्तरेच्या बेटांवर हल्ले केले होते. संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनी सिनेटपुढे सांगितलं की अशा काही कारवाया झाल्या असल्याच तर आमच्या नौदलाचा त्यांच्याशी संबंध नाही, त्याला त्यांची माहितीही नव्हती. ‘झाल्या असल्याच तर’! पोचलेले वकील असं बोलतात. ‘उत्तर’ या शब्दाची खुबी अशी, की गोष्ट कुठून सुरू करायची हे बोलणाऱ्याच्या हाती राहतं. जॉन्सन यांनी ती दोन ऑगस्टपासून सांगितली. हनोईतून ती तीस जुलैपासून दिसत होती.

तिसरी गंमत शब्दांच्या मापाची. टीव्हीवर लोकांना सांगितलं, आमचं उत्तर सध्या मर्यादित राहील, युद्ध वाढवायचं नाही. तीनच दिवसांत संसदेकडून जो ठराव करून घेतला, त्यात मात्र ‘सर्व आवश्यक उपाय’ होते, आणि काय आवश्यक ते अध्यक्ष ठरवणार होते. असा ठराव मसुद्याच्या रूपात उन्हाळ्यापासूनच तयार होता. जॉन्सन म्हणे त्याला आजीच्या झोपायच्या झग्याची उपमा देत, सगळं झाकणारा म्हणून. प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोध करणारे दोघे, ओरेगॉनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रूनिंग, १९६८ च्या निवडणुकीत पडले. ८ मार्च १९६५ ला मरीन सैनिक दानांगच्या किनाऱ्यावर उतरले आणि १९६८ पर्यंत व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. मर्यादित उत्तर ते हेच.

हे सगळं परक्यांचं म्हणून सोडून देता येत नाही. १९५० मध्ये कोरियातल्या युद्धाला पोलीस कारवाई म्हणावं का, असं एका पत्रकाराने विचारलं आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन हो म्हणाले. (शब्द पुरवणारा आमच्याच जातीचा, हेही लक्षात ठेवावं.) त्याच्या दोन वर्षं आधी आपण तोच शब्द वापरला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात रणगाडे घेऊन गेली ती भारतीय लष्कराची फौज, पण मराठवाड्यातली जुनी माणसं अजून ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘नंतर’ अशी वर्षं मोजतात. रझाकारांचे अत्याचार खरे होते, निजामाची सत्ता जायलाच हवी होती. मला त्यात शंका नाही. तरीही पोलीस म्हटलं की पलीकडे फक्त गुन्हेगार उरतात. नेहरूंनीच नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं उस्मानाबाद आणि नांदेड होतं. तो अहवाल कित्येक दशकं दडून राहिला. न्याय्य कारवाईलाही सौम्य शब्दाची गरज का पडावी, हा प्रश्न सतरा सप्टेंबरच्या ध्वजवंदनात कुणी विचारत नाही. मुक्तीचा आनंद आणि तो अहवाल, दोन्ही एका दिवशी आठवायला काय हरकत आहे?

टोंकिनकडे परत येतो. १९९५ मध्ये मॅकनामारा हनोईला गेले आणि त्यांनी युद्धकाळातले उत्तर व्हिएतनामचे सेनानी जनरल ग्याप यांना विचारलं, ४ ऑगस्टला नेमकं काय झालं होतं? काहीच नाही, असं उत्तर आलं. त्या ठरावाचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. जानेवारी १९७१ मध्ये तो रद्द झाला. तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी रद्द होऊ दिला, कारण त्यांना त्याची गरज नव्हती. सरसेनापती या नात्याने तिथल्या सैनिकांचं रक्षण करण्याचा अधिकार आपल्याला आहेच, असं त्यांचं म्हणणं. हे सैनिक त्याच ठरावाच्या जोरावर तिथे गेले होते. जॉन्सन यांच्या त्या ‘उत्तरा’त ५ ऑगस्ट १९६४ ला विमान पाडलं गेलेले वैमानिक एव्हरेट अल्वारेझ त्या वेळी उत्तर व्हिएतनामच्या तुरुंगातच होते. ते सुटले फेब्रुवारी १९७३ मध्ये, ठराव रद्द झाल्यावर दोन वर्षांनी.