पट्ट्याआधी समज द्या

कंबरदुखीसाठी रेवदंड्याहून अलिबागला दहा खेपा घातल्या. मशीन लावले, पट्टा दिला, "वाकू नका" म्हणाले. का दुखते ते कोणी सांगितले नाही. मग खमासमण सोडायचे?

जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून सांगते: तीन महिन्यांहून जुन्या, दुसरा आजार नसलेल्या कंबरदुखीत रुग्णाला समजावणे आणि व्यायाम हे उपचारांत हवेत, पट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड सरसकट नकोत. दर दुखणे म्हणजे इजा नव्हे. हालचाल हळूहळू वाढवावी. पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

आपण सम्यक ज्ञान मानतो, मग उपचार आंधळेपणाने का घ्यायचे? पैसे देण्याआधी विचारा: "मला काय झालंय? घरी काय करू?"