साहेबाचा शौक आणि कातड्याचा बाजार

दिवाळी अंकात एक तरी शिकारकथा असावी, असा आपल्याकडे जुना रिवाज आहे. चकली-कडबोळ्यांबरोबर ती पचतेही चांगली. आणि शिकारकथा म्हटली की तीत साहेब आलाच. हा साहेब ठरीव साच्याचा असतो. उंचापुरा, तांबूस मिशांचा, मितभाषी. गावकरी हात जोडून येतात, "माईबाप, वाघाने आमचा संसार उठवला" म्हणून रडतात. साहेब रात्रभर मचाणावर बसतो, पहाटे एकच गोळी झाडतो आणि गाव सुखाने नांदू लागते. शेवटी त्या उमद्या जनावराकडे पाहून साहेबाचे डोळेही ओलावतात. कातड्याचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी सांगत नाही. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो. कथेत एखादी गोष्ट गाळली जाते ती बहुधा जागेच्या अडचणीने नव्हे. ती सांगितली तर नायक उणा ठरतो म्हणून, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. तेव्हा यंदा, वाचकहो, आपण त्या कातड्याचीच गोष्ट काढू.

गोष्ट आमच्या मुलखातली आहे. चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर, आणि १९८२ साली त्यातून वेगळे निघालेले गडचिरोली. या जंगलातला गोरा अंमलदार शिकारी नव्हता असे कोण म्हणेल? तो पट्टीचा शिकारी होता. पण ज्या कचेरीत तो बसे, तीच कचेरी वाघाच्या मरणाला भाव बांधून देई. ज्या कायद्याने त्याच्या हाती बंदूक राहिली, त्याच कायद्याने ती गोंडाच्या हातून गेली. आणि मेलेल्या वाघाचे कातडे त्याच्याच घरी गेले. याला आपण शौक म्हणत आलो. माझ्या मते हा सरकारी सौदा होता आणि साहेब त्यातला भागीदार होता.

सौद्याची सुरुवात बंदुकीपासून झाली. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. चारच वर्षांनी मोलमपल्लीच्या बाबुराव शेडमाक्यांनी इकडच्या गोंडांना उठवले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर तेव्हा कॅप्टन क्रिक्टन होता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात बाबुरावांना फाशी झाली. हत्यारबंद गोंड म्हणजे काय, ते इंग्रजाने त्या वर्षी पाहिले होते आणि तो ते विसरला नाही. १८६० साली गोदावरीकाठचा सिरोंच्याचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला, १८६१ साली मध्यप्रांत झाला, आणि रिचर्ड टेंपल पुढे चीफ कमिशनर म्हणून आला. मग सरहद्दीवरची ही जंगले मोजण्याचे काम सुरू झाले. सिरोंच्याच्या कॅप्टन ग्लासफर्डने १८६२ साली शेजारच्या बस्तर संस्थानावर अहवाल लिहिला. सागवान मोजले, जमीनदाऱ्या मोजल्या, माणसे मोजली. लष्करातले कॅप्टन मुलकी कचेऱ्यांत बसले, आणि सकाळी महसुलाचे दप्तर नि संध्याकाळी बंदूक असा त्यांचा दिनक्रम झाला.

या मंडळींचा नमुना पाहावयाचा तर कॅप्टन जेम्स फोरसाइथ पाहावा. तो आमच्या जिल्ह्यातला नव्हे, पण प्रांत हाच. निमाडात जमाबंदीचे काम, मध्ये जंगलखात्याचे काम, पचमढीला त्याने बांधलेला बंगला अजून दाखवतात. मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १८७१ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी निघाला. ग्रंथ वाचनीय आहे. त्या माणसाला डोळे होते आणि लेखणीही होती. पण त्याआधीच त्याने दुसरेही पुस्तक लिहिले होते, ते शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर. शेतसाऱ्याची आकारणी आणि गोळीचे वजन, दोन्ही एकाच लेखणीने. आणि हाच गृहस्थ गोंड-बैगांच्या दाह्याच्या शेतीला जंगलाचा नाश म्हणून नावे ठेवतो!

आता भावाकडे वळू. वाघ, बिबट्या, लांडगा ही जनावरे सरकारने उपद्रवी ठरवली आणि मारणाऱ्याला खजिन्यातून बक्षीस द्यावयास प्रारंभ केला. नरभक्षकाला जास्त, साध्याला कमी. मारल्याचा पुरावा कचेरीत आणून दाखवायचा आणि रुपये मोजून घ्यायचे. बक्षीस हा शब्द मोठा फसवा आहे. ठरलेल्या दराने, ठरलेल्या जिनसाबद्दल, ठरलेल्या खिडकीवर मिळणाऱ्या रकमेला बाजारात किंमत म्हणतात. सरकारला वाघाच्या मरणात काय मिळत होते? जमीन. वाघ हटला की जंगल तुटते, जंगल तुटले की नांगर चालतो, नांगर चालला की सारा वसूल होतो. वाघाच्या डोक्यावर लावलेला रुपया जमाबंदीच्या वहीत व्याजासह परत येत असे.

या खरेदीचे आकडे छातीत धडकी भरविणारे आहेत. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी बक्षिसांच्याच नोंदी धुंडाळून अंदाज बांधला आहे की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. ऐंशी हजार वाघ! यांतले नरभक्षक किती असतील, याचा हिशेब वाचकांनी आपल्या मनाशी करावा. मॉंटेग्यू जेरार्ड नावाच्या एकट्या लष्करी साहेबाने मध्य हिंदुस्थानात आणि हैदराबादेकडे मिळून १९०३ पर्यंत २२७ वाघ मारले. दोनशे सत्तावीस नरभक्षक एकाच माणसाच्या वाटेला येण्याइतका योगायोग आमच्या कादंबरीतसुद्धा खपत नाही.

राजेमहाराजे काय कमी होते, असे कोणी विचारील. मुळीच नव्हते. सरगुजाच्या एका महाराजांच्या नावावर हजारावर वाघ आहेत. त्यांची वकिली मी करणार नाही. परंतु महाराजांना आपण जनतेचे तारणहार म्हणून दिवाळी अंकात छापत नाही, साहेबाला छापतो.

आणि नरभक्षकाची भीती खोटी होती असेही माझे म्हणणे नाही. आमच्या जिल्ह्यात ती भीती आजही आहे. तेंदूपाने तोडायला गेलेली बाई किंवा मोहफुले वेचायला गेलेला म्हातारा परत येत नाही, तेव्हा गावात जी शांतता पसरते ती शहरातल्या वाचकाला लिहून कळवता येणार नाही. अशा वेळी जो कोणी बंदूक घेऊन येईल तो देव वाटतो. काही साहेब खरोखर तसे धावूनही गेले. प्रश्न एवढाच की गावकऱ्याला त्याची वाट का पाहावी लागली? कारण १८७८ साली हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावाचून हिंदी माणसाने हत्यार बाळगणे हा गुन्हा झाला आणि युरोपियनांना मोकळीक राहिली. त्याच साली जंगलाचा कायदा झाला. राखीव जंगलात आत जाणे, लाकूड तोडणे, पारध करणे सगळे गुन्ह्याच्या सदरात गेले. भाला-धनुष्य घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पारध करणारा माडिया एका रात्रीत चोर झाला. आधी माणसाचे हात बांधायचे आणि मग त्याला वाचवल्याबद्दल आभाराचे हार घालून घ्यायचे, अशी ही माईबापगिरी.

त्या शिकारीचा खर्च कोणी सोसला, हेही पाहावे. साहेबाचा मुक्काम पडला की गावावर रसद आली. कोंबड्या, अंडी, दूध, बैलांना चारा. आमिषाला बांधायचे रेडकू गावचेच. मग हाका. शंभर-शंभर माणसे ढोल, डबे, काठ्या घेऊन रान हाकायची. डिवचलेला वाघ मागे उलटला तर तो मचाणावर उडी घेत नाही, हाकेवाल्यावर घेतो. साहेबाच्या पुस्तकात अशा माणसाला क्वचितच नाव असते. तो 'एक कुली' असतो. कापणीच्या दिवसांत माणसे रानात अडकली तर धानाचे काय, हा प्रश्न त्या पुस्तकांत मी तरी कुठे वाचलेला नाही.

जंगलातल्या एका जुन्या विश्रामगृहाच्या भिंतीवर मी अशीच एक तसबीर पाहिली होती. पुढे ओळीने निजवलेले तीन वाघ, मागे खुर्चीवर साहेब, मडमेच्या मांडीवर छोटे कुत्रे. आणि अगदी कडेला, अर्धे फ्रेमबाहेर कापले गेलेले, पंचा नेसलेले पाच-सहाजण. खाली साहेबाचे नाव, हुद्दा आणि तिन्ही वाघांची इंचांत मापे होती. चौकीदाराला विचारले, "हे कडेचे कोण?" तो म्हणाला, "गुरुजी, आमच्याच गावचे असतील. नाव कोण लिहिते?" कुत्र्याचे नाव मात्र लिहिले होते.

मग ते कातडे. म्हैसूरला व्हान इंजेन यांचा पेंढा भरण्याचा कारखाना होता. देशभरातून वाघ-बिबट्यांची हजारो कातडी तिथे जात. लंडनला पिकॅडिलीत रोलंड वॉर्डचे दुकान होते; मोठ्या जनावरांच्या मापांची बुके तो छापी, आणि आपल्या वाघाचे माप त्या बुकात यावे म्हणून साहेबलोक जीव टाकीत. जनावराचे मरण इथे, मजुरी तिथे, गालिचा आणखी तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी पैसा हात बदलतो. ज्याने आपल्या पगाराच्या हुद्द्यावर, सरकारी दौऱ्यात, सरकारी हुकमाने गोळा केलेल्या माणसांकरवी मिळवलेला माल विलायतेला नेला, तो व्यापारात नव्हता असे म्हणायला फार मोठे मन पाहिजे. माझे तेवढे नाही.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. फोरसाइथचा ग्रंथ निघाला त्याच १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांत पारध्यांसारख्या शिकारी जमातींवर तो शिक्का बसला आणि १९५२ साली कायदा रद्द झाला तरी लोकांच्या मनातून तो पुसला गेला नाही. एकाच रानात दोन माणसे जनावर मारीत. एकाचा ग्रंथ निघाला, दुसऱ्याची हजेरी पोलीस पाटलाकडे लागली.

साहेब संरक्षकही होता, त्यानेच शिकारीला नियम घातले, असे विद्वान म्हणतात. घातले. १९१२ साली पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, जंगलांचे शिकारी तुकडे पाडून परवाने ठरले. पण आपल्याच ताटातले संपत आले म्हणून हात आखडणाऱ्याला उपासाचे पुण्य कसे द्यावे? सिरोंचा-अहेरीकडचे रानरेडे घ्या. एके काळी या भागात त्यांचे कळप होते. महाराष्ट्रातले उरलेसुरले रानरेडे आज गडचिरोलीच्या कोलामार्का परिसरात तेवढे आहेत. रानरेडा माणूस खात नव्हता, तरी त्याची शिंगे साहेबांच्या दिवाणखान्यात पोचलीच.

साहेब गेला, दुकान राहिले. स्वातंत्र्यानंतर आपलेच लोक शिकारी कंपन्या काढून परदेशी पाहुण्यांना वाघ दाखवू लागले आणि मारू देऊ लागले. १९६७ च्या सुमारास कैलास सांखला यांनी दिल्लीतल्या कातड्यांच्या दुकानांची हकिगत बाहेर काढली. १९६८ साली कातड्यांची निर्यात बंद झाली, १९७० साली वाघाची शिकार बंद झाली, १९७२ साली वन्यजीव कायदा आला. त्या वर्षीच्या मोजणीत साऱ्या देशात १८२७ वाघ उरले होते. हे आपले पाप आहे आणि ते साहेबाच्या पदरात घालण्याचा माझा इरादा नाही. पण गिऱ्हाईक आणि वाट दोन्ही त्याने घालून दिली होती.

आज महाराष्ट्रात वाघ वाढले. २०२२ च्या गणनेत ४४४ भरले. आणि बाजारही जिवंत आहे. २०२३ साली आसामात वाघाचे कातडे पकडले गेले आणि धागा मागे मागे जात गडचिरोलीजवळच्या आंबेशिवणीपर्यंत आला. २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्याला धरपकड झाली. वृत्तपत्रांनी जमातींची नावे मोठ्या टायपात छापली. शिकार करणाऱ्याला शिक्षा व्हावी, जरूर व्हावी. वाघ मारणारा कोणत्याही जातीचा असो, तो आमच्या रानाचा वैरी आहे. पण सरहद्दीपलीकडच्या ज्या दिवाणखान्यात ते कातडे जायचे होते, त्याच्या मालकाचे नाव कोणत्या टायपात छापले? मी शोधले, मला सापडले नाही.

आता ज्यांना वाटते की हे सगळे जुने झाले, त्यांच्यासाठी एकच माहिती. वाघाच्या व्यापारावर आज जगभर बंदी आहे. तरी ब्रिटनच्या नियमांत एक खिडकी उघडी ठेवलेली आहे. ३ मार्च १९४७ च्या आधी घडवलेली वस्तू असेल, पेंढा भरलेला वाघ असेल, तर ती प्राचीन वस्तू मानली जाते आणि तिच्या त्या देशातल्या विक्रीला एरवी लागणारे खास प्रमाणपत्र लागत नाही. तारीख नीट पाहावी. आपले स्वातंत्र्य त्यानंतर पाच महिन्यांनी आले. म्हणजे साहेबाच्या अमलातला जवळजवळ सगळा माल या खिडकीतून सुखरूप बाहेर पडतो. नातवाने आजोबांचा वाघ लिलावात मांडला तर तो वारसा. इकडे भामरागडच्या एखाद्या माणसाच्या गळ्यात पणज्यापासून चालत आलेले वाघनख सापडले आणि त्याच्याजवळ मालकीचा कागद नसला, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे कमीत कमी तीन वर्षे कैद. त्याच्या पणज्याला कागद कोण देणार होते? तो तर हाक्यात होता.