दहा मीटर चर

१ मे २०१८. माण तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात पहाटे साडेपाचला आम्ही दहा पुणेकर गाडीतून उतरलो, तेव्हा गाव केव्हाच डोंगरावर चढलं होतं. पानी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेचं ते तिसरं वर्ष. महाराष्ट्र दिनाला महाश्रमदान ठरलं होतं आणि आमच्यासारखे शहरी ‘जलमित्र’ गाड्या भरभरून दुष्काळी तालुक्यांकडे निघाले होते. आमच्या टोप्या कोऱ्या, हातमोजे कोरे; उत्साह मात्र ऊन चढेपर्यंतच पुरेल एवढा.

उतारावर चरांसाठी फक्कीच्या रेषा मारलेल्या होत्या. पाण्याची नळी आणि दोन पट्ट्या घेऊन गावातल्या पोरापोरींनीच त्या आखल्या होत्या. चर उताराला आडवा आणि सगळीकडे एकाच पातळीत हवा. नाहीतर पाणी एका टोकाला धावतं आणि भराव फोडून निघून जातं. हे मला समजावून सांगणारी मुलगी नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसली होती. निकालाची काळजी आहे का, असं विचारलं तर म्हणाली, ‘‘पावसाची जास्त हाय.’’

आम्ही टिकाव उचलले. वरची चार बोटं माती निघाली आणि खाली मुरूम लागला. टिकाव मारला की ठिणगी उडायची, मुरूम हलायचा नाही. पाट्या पुढे सरकवायला रांग लागली. माझ्या शेजारची आजी माझ्या हातात मुद्दाम अर्धीच पाटी द्यायची. ‘‘भरून द्या की,’’ म्हटलं, तर हसून म्हणाली, ‘‘लांबनं आलाय, जपून न्या. आमाला पंचेचाळीस दिस काढायचेत.’’ स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे अशी होती. आमची तीन तासांची.

साडेनऊला आमचं काम थांबलं. आमच्या दहा जणांच्या वाट्याला दहा मीटर चर आला: साठ सेंटीमीटर रुंद, तीस सेंटीमीटर खोल. चहाबरोबर मी मनातल्या मनात हिशेब केला. १.८ घनमीटर, म्हणजे चर एकदा तुडुंब भरला तर १८०० लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरचा पाचवा हिस्साही नाही! आणि एवढं खोदकाम जेसीबीनं काही मिनिटांत उरकलं असतं. पुण्याहून येण्याजाण्याच्या डिझेलचे पैसे गावाला दिले असते तर जास्त पाणी अडलं नसतं का?

हे मी आजीला विचारलं. तिनं पदरानं घाम पुसला. ‘‘जेसीबी आला की मानसं कडंला हुबी ऱ्हाऊन बघत्यात. टिकाव घेतला की बोलाय लागत्यात.’’ मग तिनं हळूच समोर बोट केलं. एका चरावर दोन मध्यमवयीन गृहस्थ होते. एक खोदत होता, दुसरा माती ओढत होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून या दोन घरांत बोलणं बंद होतं, असं कळलं.

माझा हिशेब तिथेच चुकला होता. मी लिटर मोजत होते. यंत्रंही त्या शिवारात होतीच, मोठी कामं त्यांच्याशिवाय होत नाहीत. पण श्रमदानाचं खरं काम पाणी अडल्यानंतर सुरू होतं. पाणी आलं की ऊस येतो, बोअर येतात, आणि ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे. तेव्हा ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार कुणाला? सरकारी आदेशातून लोक पळवाट काढतात. ज्याच्याबरोबर पाटी उचलली, त्याच्या शब्दातून पळवाट काढणं जड जातं.

हिवरे बाजारचं उदाहरण आपण उठताबसता देतो, पण त्यातला अर्धाच भाग सांगतो. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, गावानं चर खणले, झाडं लावली, हे सांगतो. पण त्या गावानं श्रमदानाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, सिंचनासाठी बोअर घ्यायला बंदी घातली आणि ऊस-केळीला नाही म्हटलं. किती पाऊस झाला, किती पाणी मुरलं, त्यावर कोणती पिकं घ्यायची, याचा ताळेबंद तिथे ग्रामसभेत मांडला जातो. पाणी अडवायला हात पुरतात. ते टिकवायला एकमेकांचा भरवसा लागतो. तो घामातून येतो.

गाडगेबाबांना हे पुरतं ठाऊक असणार. ते गावात आले की आधी खराटा हातात घेऊन रस्ते झाडायचे आणि कीर्तन रात्री करायचे. ज्यानं दिवसभर आपली घाण काढली, त्याचं रात्री ऐकावंच लागायचं.

२०१८च्या वॉटर कपचा पहिला क्रमांक माण तालुक्यातल्याच टाकेवाडीला मिळाला. आम्ही गेलो होतो ते गाव बक्षिसात नव्हतं. निघताना आजीनं विचारलं होतं, ‘‘फुडल्या साली येनार का?’’ आम्ही सगळ्यांनी एका सुरात ‘हो’ म्हटलं, फोटो काढले आणि गाडीत बसलो.

पुढच्या मे महिन्यात त्या दहांपैकी तिघेच गेलो. आमचा चर सापडेना. फक्कीची रेषा गेली होती, भरावावर वाळकं गवत होतं. शेवटी त्या दहावीच्या, आता अकरावीच्या, मुलीनं दाखवला. पावसानं तो निम्मा गाळानं भरून टाकला होता. मी हळहळले. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. गाळ साठला म्हणजे पाणी थांबलं होतं, माती वाहून गेली नव्हती. तिनं फावडं माझ्या हातात दिलं.

एका दिवसाच्या श्रमदानाला माझी ना नाही. जरूर जा. पण जाताना पुढच्या वर्षीची तारीखही घेऊन ठेवा. चर दर पावसाळ्यात गाळानं भरतो आणि दर उन्हाळ्यात उपसावा लागतो.