दहा हजारांत आठ

जानेवारीत नगरला रात्री दहानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, अशी थंडी असते. (अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४मध्ये झालं. पण पुण्याच्या स्टँडवर कंडक्टर अजून 'नगर, नगर'च ओरडतो, त्यामुळे आपणही नगरच म्हणू.) तर अशा थंडीत मी वीकेंडला घरी गेले आणि रात्री अडीच वाजता जाग आली ती पंख्याच्या आवाजाने. हॉलमध्ये पंखा पाचवर. खाली फरशीवर आई. गाऊन मानेपाशी ओला, हातात कॅलेंडरचं पान, त्यानेही वारा घेतेय.

'काय गं, काय झालं?'

'काही नाही. झोप तू. होतं असं हल्ली.'

मी दर आठवड्याला तुम्हाला सनस्क्रीनचा एसपीएफ समजावून सांगते. कोणत्या कॅफेत ओट मिल्क मिळतं ते सांगते. ऑफिसातल्या स्ट्रेसवर तर मी दोन भागांत लिहिलंय. आणि माझ्या आईची पाळी जाऊन चौदा महिने झालेत, हे मला त्या रात्री फरशीवर बसून कळलं.

आई हायस्कूलला गणित शिकवते. वय पन्नास. सकाळी चहा घेताना हळूहळू एकेक बाहेर आलं. रात्री तीन-तीनदा घामाने जाग येते. मग झोप नाही. मग दुसऱ्या दिवशी आठवी 'ब'च्या वर्गात पंधरा सत्ते अडतं. एका मुलावर ती इतकी ओरडली की नंतर स्टाफरूममध्ये जाऊन स्वतःच रडली. 'मी व्हीआरएसचा विचार करतेय,' ती म्हणाली. एवढं साधं म्हणाली, जसं काही 'भाजीत मीठ कमी आहे.' सव्वीस वर्षं नोकरी केलेली बाई, जिला सुट्टीच्या दिवशीसुद्धा खडूची आठवण येते! माझा चहा गार झाला.

बाबांचं मत विचारलं तर 'वय आहे, होतं, जाईल.' बाबा वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटतं की जाईल. आणि बऱ्याच जणींचं जातंही. फक्त काही जणींचं दोन वर्षांत जातं, काही जणींचं सात-आठ वर्षं जात नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे आधी कळायची सोय नाही.

गंमत म्हणजे आई डॉक्टरकडे जाऊन आली होती. तीन महिन्यांपूर्वीच. प्रिस्क्रिप्शन साड्यांच्या बिलांच्या डब्यात घडी करून ठेवलेलं. त्यावर लिहिलं होतं: मॅमोग्राफी, बीपी, शुगर, लिपिड, आणि हे सगळं ठीक असेल तर एचआरटी. म्हणजे हॉर्मोन रिप्लेसमेंट थेरपी. बीजांडकोशांनी इस्ट्रोजेन बनवणं बंद केलं की ते थोडं बाहेरून द्यायचं, एवढाच त्याचा अर्थ.

'मग घेतलं का नाहीस?'

'तुझी आत्या म्हणाली, कॅन्सर होतो.'

आत्या आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट. तिने स्वतः या गोळ्या घेतल्या होत्या. २००२च्या पावसाळ्यात पेपरात बातमी आली आणि तिने त्याच दिवशी पाकीट कचऱ्यात टाकलं. आत्याच नाही, जगभरातल्या लाखो बायकांनी टाकलं. त्याच्या आधी मात्र चित्र अगदी उलट होतं. १९४२पासून अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेली इस्ट्रोजेनची गोळी विकली जात होती, आणि १९६६मध्ये तिथल्या एका डॉक्टरने पुस्तक लिहून बायकांना कायम तरुण राहण्याचं आमिषच दाखवलं होतं. आधी अमृत, मग विष. मधलं काही नाहीच.

मी लॅपटॉप उघडला. २००२ची ती बातमी होती 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाच्या अमेरिकन अभ्यासाची. सोळा हजार सहाशे आठ बायका, निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची गोळी, निम्म्यांना नुसतीच खोटी गोळी. सव्वापाच वर्षांनी अभ्यास मध्येच थांबवला, कारण गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर सव्वीस टक्क्यांनी जास्त दिसला.

'सव्वीस टक्के?' आईने चष्मा लावला. 'म्हणजे शंभरातल्या सव्वीस जणींना?'

'नाही, मूळच्या आकड्यापेक्षा सव्वीस टक्के जास्त.'

'मग मूळ आकडा सांग ना. किती पैकी किती?'

बघा, मी मास कॉम केलंय. आमच्यात हेडलाइन शिकवतात, छेद शिकवत नाहीत. आईने चौकटीची वही आणली. खोटी गोळी घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला तीस जणींना स्तनाचा कॅन्सर झाला. खरी घेणाऱ्या दहा हजारांत अडतीस जणींना. फरक आठ. लकव्याचा फरक आठ, हार्टचा सात, फुप्फुसात गुठळी अडकण्याचा आठ. उलट बाजूला खुब्याचं हाड मोडणाऱ्या पाच कमी, मोठ्या आतड्याचा कॅन्सर सहा कमी. आईने दोन रकाने पाडले, अधिक आणि उणे, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली.

'आठ म्हणजे शून्य नाही हं,' ती म्हणाली. 'त्या आठातली एक मी असले तर माझ्यासाठी ते शंभर टक्केच.'

हे मला कुठल्याच वेबसाइटने सांगितलं नव्हतं.

मग तिने पुढचा प्रश्न विचारला, जो २००२मध्ये फारशा कोणी विचारला नाही. 'या बायका किती वर्षांच्या होत्या?' पन्नास ते एकोणऐंशी. सरासरी त्रेसष्ट. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. पुढच्या वीस वर्षांत याच आकड्यांची वयानुसार फोड झाली, तेव्हा दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर हार्टचा धोका तसा दिसत नाही, आणि त्रास असलेल्या, इतर धोका नसलेल्या बहुतेक बायकांसाठी फायद्याचं पारडं जड राहतं. इस्ट्रोजेन पोटातून न घेता पॅच किंवा जेलने त्वचेतून घेतलं तर गुठळीचा धोका गोळीइतका वाढत नाही, असंही नंतरचे अभ्यास सांगतात. नोव्हेंबर २०२५मध्ये तर अमेरिकेच्या एफडीएने या औषधांवरचा हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचा चौकटीतला ठळक इशारा काढायचं जाहीर केलं. (याचा अर्थ चला, सगळ्यांनी घ्या, असा नाही. ज्यांना स्तनाचा कॅन्सर होऊन गेलाय, लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय, गुठळ्या झाल्यात, लिव्हरचा आजार चालू आहे, किंवा कारण न कळता अंगावरून जातंय, त्यांना डॉक्टर सहसा नाहीच म्हणतात.)

एवढ्यात भांड्यांचा आवाज थांबला.

आमच्याकडे कामाला मावशी येतात. पाथर्डी तालुक्यातल्या. आधी ऊसतोडीला जायच्या, आता सावेडीत चार घरचं धुणंभांडं करतात. त्या ओल्या हाताने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आम्हाला वाटलं साबण संपला असेल.

'म्याडम, ह्ये औषध पिशवी काढलेल्या बाईला पण चालतं का?'

पिशवी म्हणजे गर्भपिशवी. मावशींची एकतिसाव्या वर्षी काढली. आज त्या चव्वेचाळीस वर्षांच्या आहेत. मी त्यांना साठीच्या समजत होते, आणि हे मी त्यांच्यासमोर बोलले नाही एवढंच माझं नशीब.

त्यांनी सांगितलं ते असं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोड. पहाटे चारला फडात, मोळ्या डोक्यावर, गाडी भरून होईपर्यंत बसायचं नाही. पाळीत अंगावरून फार जायचं, पोट दुखायचं. घरी राहिलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जायचे. एका खासगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि म्हणाले, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. 'पोरं झालीत ना, मग कशाला पायजे?' ऑपरेशनला पुन्हा मुकादमाकडूनच उचल. दोन महिन्यांनी परत फडात.

'आन तवापासून ह्ये असंच,' त्यांनी पंख्याकडे बोट केलं. 'अंगातून जाळ निघतो. हाडं ठणकत्यात. झोप तर इसरलेच मी. मला वाटलं, ऊस तोडला म्हणून आसंल.'

तेरा वर्षं.

आता इथे एक बारकावा आहे, जो मलाही त्याच दिवशी कळला. नुसती पिशवी काढली तर पाळी जाते, पण बीजांडकोश जागेवर असले की हॉर्मोन्स येत राहतात. बीजांडकोशही काढले, तर रजोनिवृत्ती हळूहळू येत नाही, ऑपरेशन टेबलवर एका तासात येते. मावशींच्या बाबतीत काय झालं होतं? त्यांना माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. पण कागद होता. संध्याकाळी त्या तो घेऊन आल्या, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. इंग्रजीत. तेरा वर्षांत तो त्यांच्या घरात कोणी वाचला नव्हता. शेवटून तिसऱ्या ओळीत होतं, 'टीएएच विथ बीएसओ'. पहिली तीन अक्षरं म्हणजे पिशवी. दुसरी तीन म्हणजे दोन्ही नळ्या आणि दोन्ही बीजांडकोश.

२०१९मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या देशभर गाजल्या होत्या, आठवत असेल. पाथर्डीची हद्द ओलांडली की बीडच. तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आईने मनातच भागाकार केला. 'साधारण सहात एक.' तिच्या शाळेत बाकावर पोरी तिघी-तिघी बसतात. म्हणजे दोन बाकांमागे एक.

सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात ज्या प्रवरानगरपासून झाली असं आपण अभिमानाने सांगतो, ते आमच्याच जिल्ह्यात. शाळेत सहल नेतात तिथे. ऊस कुठून येतो हे सांगतात, तोडणाऱ्या बाईचं कोणी सांगत नाही. असो.

मी पुण्यातल्या ओळखीच्या एका गायनॅकला फोन लावला आणि दोघींच्या केसेस सांगितल्या. आईबद्दल त्या सावधपणे बोलल्या. घरात कॅन्सरची हिस्टरी आहे का, मॅमोग्राफी आधी करा, पिशवी आहे म्हणून इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागेलच, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढतं. कमी डोस, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. नको वाटलं तर तेही चालेल, हा निर्णय बाईंचा. मावशींबद्दल सांगायला लागल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला. 'एकतिसाव्या वर्षी? आणि काहीच दिलं नाही?' पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजांडकोश गेले असतील आणि दुसरी काही अडचण नसेल, तर निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यायचंच, असं वैद्यकीय संस्थांच्या गाइडलाइन्स सांगतात. हाडांसाठी, हृदयासाठी. २००२चे ते आकडे अशा बायकांना लागूच नव्हते. शिवाय पिशवी नाही म्हणजे एकटं इस्ट्रोजेन पुरतं, आणि त्याच अभ्यासाच्या एकट्या इस्ट्रोजेनच्या भागात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसलाच नव्हता.

म्हणजे आमच्या हॉलमध्ये ज्या बाईने दोन रकाने मांडले, तिचा प्रश्न अवघड होता. आणि जिचं उत्तर बऱ्यापैकी सरळ होतं, ती तेरा वर्षं भांडी घासत होती, कारण तिच्या वाट्याला प्रश्नच आला नव्हता.

'आता घेऊन उपयोग हाय का?' मावशींनी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, आधी हाडांची घनता तपासू, बीपी बघू, मग ठरवू. उशीर झालाय हे खरं, त्यांनी ते लपवलं नाही. मावशींनी मान हलवली. मग विचारलं, तपासणीला किती लागतील. मी म्हटलं, ते बघू आपण. त्या म्हणाल्या, 'बघू नका, आकडा सांगा.' आई हसली. या दोघींचं जमतं ते उगाच नाही.

आत्याला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं, वॉकरवर चालते. गोळी सोडली म्हणून मोडलं असं मी म्हणणार नाही, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोणाचंही मोडतं. ती फक्त एवढंच म्हणाली, 'मला त्या वेळी कोणी किती पैकी किती ते सांगितलं नाही गं.'

आईने ठरवलंय. मॅमोग्राफी नीट आली तर तीन महिने जेल लावून बघणार, सोबत रात्रीची प्रोजेस्टेरॉनची गोळी. जमलं नाही तर सोडणार, त्यातही काही हार नाही म्हणते. व्हीआरएसचा अर्ज त्याच साड्यांच्या बिलांच्या डब्यात गेलाय, फाडला मात्र नाही. बाबांनी बेडरूमला दुसरा पंखा बसवून घेतला. स्वतः दोन गोधड्या घेतात.

शनिवारी अकराचा नंबर आहे. आईने दोन नावं लावलीत, पहिलं मावशींचं. त्यांना दीडला दुसऱ्या घरी भांड्यांना जायचं असतं.